डिस्कवरचा बांध

नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी माळशिरस तालुक्याच्या माळरानांवर खेळू लागले आणि बांधाला किंमत आली. पाऊस झाला तर बाजरी, नाही तर कुसळ, अशी जमीन असताना हातभर बांध इकडेतिकडे सरकला तरी कोणी फारसे मनावर घेत नसे. उसाच्या पट्ट्यात मात्र एक सरी म्हणजे रोख पैसा. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी अकलूजच्या शेजारी माळीनगर वसवून १९३०च्या दशकात स्वतःचा साखर कारखाना उभा केला, पुढे शंकरराव मोहिते-पाटलांच्या सहकाराने अकलूजचा चेहरामोहरा पालटला, आणि या भरभराटीच्या पोटात एक जुनी खोड जोमाने वाढली: बांध कोरणे. नांगरताना फाळ दर वर्षी चार बोटे पलीकडे घालायचा. कोणी चोरी केली असे म्हणता येत नाही, भांडायला गेले तर चार बोटांसाठी भांडतो म्हणून हसे होते, आणि दहा वर्षांनी मोजणी आणली की आख्खी सरी शेजाऱ्याकडे गेलेली दिसते. एका संगणकात दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवण्याचा चाळीस वर्षांचा इतिहास पाहताना पदोपदी हाच बांध आठवतो. माझे म्हणणे असे की दोन सिस्टिम एका यंत्रात सुखाने नांदल्या त्या सॉफ्टवेअर हुशार झाले म्हणून नांदल्या नाहीत. त्यांच्यातल्या सामाईक वस्तू जसजशा कमी झाल्या तसतशा त्या नांदल्या. दोन डिस्कांचा संगणक हे या वाटणीचे आजवरचे सर्वात चांगले रूप आहे. तरी तिथेही काही सामाईक उरतेच, आणि आजची बहुतेक भांडणे त्या उरलेल्यावरून होतात.

गोष्ट मार्च १९८३ची. आयबीएमने आपल्या पीसीची एक्सटी ही आवृत्ती आणली, तिच्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती आणि सोबत डॉस २.० होते. मोबाइलने काढलेल्या दोन-तीन फोटोंत आज तेवढी जागा संपते. तेव्हा ते पंचवीसहून अधिक फ्लॉप्यांचे कोठार होते. एवढ्या कोठारात एकच भाडेकरू राहील असे खुद्द आयबीएमनेही धरले नव्हते. डॉसखेरीज सीपी/एम-८६ होते, झेनिक्स होते. म्हणून डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये हिश्श्यांच्या नोंदीची सोय केली गेली. हा सेक्टर ५१२ बाइटांचा. त्यातले पहिले ४४६ बाइट यंत्र सुरू होताना चालणाऱ्या चिमुकल्या प्रोग्रॅमचे, पुढचे ६४ हिश्श्यांच्या तक्त्याचे, शेवटचे दोन शिक्क्याचे. तक्त्यात १६ बाइटांच्या चारच ओळी, म्हणजे चारच खातेदार. प्रत्येक ओळीत हिस्सा कुठून सुरू होतो, किती लांब आहे, कोणत्या जातीचा आहे आणि सध्या चालू आहे की नाही, एवढे लिहिलेले. सातबाऱ्याचा उतारा याहून फार वेगळा नसतो. म्हणजे एका डिस्कवर अनेक सिस्टिम ही पुढे कोणा हौशी पोरांनी काढलेली टूम आहे, हा समज चुकीचा आहे. पार्टिशनचा जन्मच त्यासाठी झाला. खोट होती ती वेगळीकडे. चार खातेदारांची नोंद आणि त्या सगळ्यांना आत घेणारा प्रोग्रॅम हे दोन्ही त्या एकाच ५१२ बाइटांत होते, आणि तिथे लिहायला कोणालाही मज्जाव नव्हता. गावात फेरफाराची निदान नोटीस निघते, हरकतीला मुदत मिळते. इथे तलाठी नाही, मंडल अधिकारी नाही. जो शेवटी लिहील त्याची नोंद खरी. पुढच्या तीस वर्षांतले बहुतेक अपघात या एका सोयीने जन्माला घातले.

आपल्याकडे ऊसपट्ट्यात संगणक आला तो वहीखाते म्हणून. वारणानगर परिसरातल्या सुमारे ७० गावांत १९९८ साली सुरू झालेला वायर्ड व्हिलेज प्रकल्प प्रसिद्ध आहे. त्यातल्या संगणकांनी शेतकऱ्याला जगाचे ज्ञान किती दिले यावर वाद होऊ शकतो, पण उसाच्या नोंदी आणि कारखान्याचा हिशेब त्यांनी नक्की सांभाळला. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी तिथेच काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या संदेशांवर तेच काम चालवून दाखवले, याचाही अर्थ तोच. कारखाना, पतसंस्था, दूध संघ यांच्या यंत्रात त्या काळी फॉक्सप्रोत लिहिलेले प्रोग्रॅम असत आणि ते डॉसवर चालत. म्हणून सहकारी कचेरीतली पहिली 'दुसरी सिस्टिम' लिनक्स नव्हती. विंडोज ९५ आल्यावर मागे राहिलेले डॉस हीच ती. विंडोज ९५ जुन्या डॉसवर बसवले तर यंत्र सुरू होताना एफ ८ दाबून डॉसच्या आधीच्या आवृत्तीत जाता येई. मेनूत तशी ओळच असे. मायक्रोसॉफ्टने स्वतः दिलेला हा दोन सिस्टिमचा संसार होता आणि तो विनातक्रार चालला, कारण दोघी एकाच घराण्यातल्या, एकच जागा दोघींनाही वाचता येणारी, आणि धाकटीने थोरलीला घराबाहेर काढायचे ठरवले नव्हते.

याच काळात गावोगावच्या जुळणीवाल्यांनी एक रूढी पाडली, तिची कुठे दप्तरी नोंद नाही, पण तिच्याशिवाय हा इतिहास अपुरा राहील. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची बुधवार पेठ इथून सुटे भाग आणून तालुक्याच्या गावी संगणक जुळवला जाई, आणि गिऱ्हाइकाच्या हाती देण्यापूर्वी त्याच्या एकुलत्या एक डिस्कचे सी, डी, ई असे तुकडे पाडले जात. सीमध्ये विंडोज, डीमध्ये डेटा, ईमध्ये गाणी आणि सिनेमे. 'महत्त्वाचे काही डेस्कटॉपवर ठेवू नका, डीमध्ये ठेवा' हे वाक्य ज्याने ऐकले नाही त्याने त्या काळी संगणक विकत घेतलाच नसावा. कारण उघड होते. पेन ड्राइव्हमधून व्हायरस येत, विंडोजची प्रत बहुधा चोरीची असे, आणि दर सहा-आठ महिन्यांनी 'फॉरमॅट मारून विंडोज टाकायची' पाळी येई. सी पुसला तरी डी शाबूत राही. १९४७च्या तुकडेबंदी कायद्याने जमिनीचे तुकडे पाडायला बंदी केली, संगणकाच्या बाबतीत मात्र तुकडे पाडणे हेच शहाणपण ठरले. ही रूढी दुकानदाराच्या सोयीतून आली होती, पण तिने एक धडा सबंध पिढीच्या अंगवळणी पाडला: मोडणारी वस्तू आणि जपायची वस्तू एका खणात ठेवायची नाही. २००१ साली एमकेसीएल स्थापन झाली, तिच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र सरकारी नोकरीच्या अटींत आले, गल्लोगल्ली वर्ग निघाले, आणि विंडोज व ऑफिस म्हणजेच संगणक ही समजूत पक्की झाली. केरळने आयटी ॲट स्कूलमधून शाळा मुक्त सॉफ्टवेअरकडे वळवल्या. महाराष्ट्राने तो रस्ता धरला नाही. त्यामुळे इथे ज्याला लिनक्स हवे होते त्याला विंडोज टाकून देण्याची चैन नव्हती. दोन्ही बाजूबाजूला ठेवूनच संसार करायचा होता.

लिनक्सचा स्वतःचा इतिहासही अशाच एका चुकलेल्या बांधापासून सुरू होतो. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स हेलसिंकीत आपल्या ३८६ संगणकावर मिनिक्स ही सिस्टिम वापरत होता आणि त्याच डिस्कच्या दुसऱ्या हिश्श्यात आपली नवी सिस्टिम वाढवत होता. एकदा विद्यापीठाच्या संगणकाला मोडेमवरून फोन लावताना त्याने मोडेमऐवजी हार्ड डिस्कचे नाव दिले. फोन लावण्याची आज्ञा मोडेमला न जाता डिस्कवर लिहिली गेली आणि मिनिक्सचा हिस्सा गेला. मिनिक्स पुन्हा बसवण्यापेक्षा आता आपल्याच सिस्टिमवर राहू, असे त्याने ठरवले. या प्रसंगाकडे विनोद म्हणून पाहिले जाते, मला तो पुरावा वाटतो. सिस्टिम लिहिणारा माणूस स्वतः कीबोर्डवर बसलेला असताना चूक झाली ती ज्ञानाच्या अभावाने झाली नाही. दोन्ही वस्तू नुसत्या नावांनी ओळखल्या जात होत्या आणि दोन्ही हाताच्या अंतरावर होत्या, एवढेच तिचे कारण. आजही दुसरी सिस्टिम बसवताना सर्वात महाग पडणारी चूक हीच असते: एसडीए की एसडीबी? त्यात ही नावे कायमची नसतात. जुन्या डिस्कांना लिनक्स एचडीए म्हणे, पुढे त्यांनाच एसडीए म्हणू लागले. दोन डिस्का असल्या तर एका वेळी जी एसडीए होती ती पुढच्या वेळी एसडीबी होऊन बसू शकते. सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले तेव्हा जुने कागद घेऊन फिरणाऱ्यांची जी तारांबळ उडाली, तीच ही. म्हणून लिनक्सने पुढे प्रत्येक हिश्श्याला यूयूआयडी हा लांबलचक, न बदलणारा क्रमांक देऊन त्याच्या आधारे ओळख ठेवायला सुरुवात केली. माणसाने मात्र डिस्कचा आकार आणि मॉडेल क्रमांक वाचूनच बोट ठेवावे.

भारतात लिनक्स पोहोचले ते मासिकांच्या पुठ्ठ्यांतून. पीसीक्वेस्टने १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात अंकासोबत लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली, आणि २००४च्या ऑक्टोबरात उबुंटू हा लिनक्सचा अवतार आल्यावर शिपइट योजनेतून जगात कुठेही टपालाने फुकट सीडी येऊ लागली. ती २०११पर्यंत चालली. ज्या गावात इंटरनेट फोनच्या तारेवरून रडतखडत येई तिथे ७०० मेगाबाइट उतरवून घेण्यापेक्षा पोस्टमनची वाट पाहणे शहाणपणाचे होते. सीडी हाती आली की प्रश्न उभा राही: जागा कुठली? डिस्क एकच आणि ती सी-डी-ईत आधीच वाटलेली. मग शेवटचा हिस्सा आखडून जागा काढायची. १९९०च्या दशकातला फिप्स हा फुकट प्रोग्रॅम डॉसच्या हिश्श्याची मागची रिकामी जागा तोडून देई, पण आधी डीफ्रॅग करून सगळा डेटा पुढे ढकलावा लागे; पैसे मोजणाऱ्यांना पार्टिशन मॅजिक होते. हे काम चालू असताना डिस्कवरच्या फायली उचलून दुसरीकडे ठेवल्या जातात आणि शेवटी नोंद बदलली जाते. मध्येच वीज गेली तर माल निम्मा हललेला, नोंद जुनीच. २००५नंतरच्या त्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन दिवसाचे कित्येक तास चाले, आणि दुकानातला यूपीएस दहा मिनिटांत ओरडायला लागे. परदेशी पुस्तकांत हिस्सा आखडण्याच्या जोखमीबद्दल एक सावध ओळ असे. ती ओळ लिहिणाऱ्याने वीज गृहीत धरली होती.

आणि समजा वीज राहिली, लिनक्स बसले, सुरू होताना दोन नावांचा मेनूही दिसू लागला. हा मेनू दाखवणारा लिलो किंवा पुढचा ग्रब त्या पहिल्या सेक्टरच्या ४४६ बाइटांत आपला पाय रोवून असे. सहा महिन्यांनी रूढीप्रमाणे फॉरमॅट मारायची वेळ येई. विंडोज ९८ किंवा एक्सपी बसताना न विचारता त्या ४४६ बाइटांवर आपला प्रोग्रॅम लिही. लिनक्सचा हिस्सा जागच्या जागी, एक फाइलही हललेली नाही, पण दारच गेलेले. गिऱ्हाइकाला वाटे लिनक्स उडाले. दुकानदाराला वाटे लिनक्स ही भानगडच. आणि पुढच्या वेळी तो सगळी डिस्क सपाट करून मोकळा होई. याला मायक्रोसॉफ्टची मक्तेदारी जबाबदार, असे मुक्त सॉफ्टवेअरवाले म्हणत आले आहेत. अगदीच खोटे नाही. शेजाऱ्याची विचारपूस न करणे हा बलाढ्याचा स्वभाव असतो. पण ग्रबनेही त्याच जागेवर न विचारता हक्क सांगितला होता, फक्त तो जुन्या मालकाला मेनूत एक ओळ देऊन सौजन्य दाखवत होता. सामाईक ओट्यावर कोणी बसायचे याचा नियम नसेल तर दोघेही आपापल्या परीने बरोबरच असतात. म्हणून मला दोष स्वभावाहून रचनेचा जास्त वाटतो.

ही रचना बदलली. इंटेलने १९९०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या आयटॅनियम प्रोसेसरसाठी सुरू केलेले, यंत्र सुरू करण्याच्या नव्या पद्धतीचे काम २००५मध्ये यूईएफआय फोरमकडे गेले आणि विंडोज ८च्या सुमारास, म्हणजे २०१२पासून, ते घरगुती संगणकांत सर्रास आले. सोबत जीपीटी हा नवा तक्ता आला. चारच्या जागी १२८ नोंदी, तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी, आणि दोन टेराबाइटची जुनी मर्यादा गेली. सुरुवातीचे प्रोग्रॅम आता ४४६ बाइटांत कोंबायचे नव्हते. त्यांच्यासाठी ईएसपी नावाचा एक छोटा स्वतंत्र हिस्सा ठेवला, त्यात प्रत्येक सिस्टिमने आपले फोल्डर करावे आणि कोणाला आधी बोलवायचे ती यादी मदरबोर्डने आपल्याकडे ठेवावी. कागदावर ही आदर्श वाटणी होती. पण ओटा गेला तरी सोपा सामाईकच राहिला, तोच हा ईएसपी. इथे दोन डिस्कांच्या संगणकाचा एक खास सापळा आहे, आणि तो दोन्ही पक्षांनी मिळून रचलेला आहे. दुसऱ्या डिस्कवर विंडोज बसवताना पहिल्या डिस्कवर ईएसपी आधीच असेल तर विंडोज आपल्या सुरुवातीच्या फायली तिथेच ठेवून देते. उबुंटूच्या इन्स्टॉलरमध्येही बूटलोडर, म्हणजे हा सुरुवातीचा प्रोग्रॅम, दुसऱ्या डिस्कवर ठेवा असे स्पष्ट निवडले तरी तो पहिल्या डिस्कच्या ईएसपीत जाण्याचा दोष होता. २०१४मध्ये त्याची तक्रार नोंदली गेली आणि तो वर्षानुवर्षे तसाच राहिला. माणूस समजतो आपण दोन वेगळी घरे बांधली. प्रत्यक्षात एका घराची किल्ली दुसऱ्याच्या खुंटीला टांगलेली असते. पुढे पहिली डिस्क बिघडली किंवा विकली की दुसरीही मुकी होते.

दोन डिस्का गावागावांत आल्या त्या काही या विचाराने आल्या नाहीत. एसएसडी स्वस्त झाली, दुकानदार म्हणू लागला की १२० किंवा २४० जीबीची टाका, संगणक पळायला लागेल. जुनी ५०० जीबीची फेकायची कशाला म्हणून ती डेटासाठी राहिली. लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिच्या जागी कॅडीत जुनी डिस्क बसवली. योगायोगाने आलेली ही दुसरी जागा म्हणजे दुसऱ्या सिस्टिमला मिळालेला पहिला खरा स्वतंत्र गट. (याची एक चिमुकली पूर्वपीठिका रायगडच्या कर्जत तालुक्याशी जोडलेली आहे. २००७ साली तिथल्या खैराटच्या शाळेत मुलांना जे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप मिळाले, त्यांच्या पडद्याच्या रचनेचे नाव शुगर होते. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने त्या जातीच्या लॅपटॉपवर एक्सपी चालवून दाखवले, पण आतल्या १ जीबीत ते मावेना, म्हणून वेगळ्या एसडी कार्डावर ठेवले. साखरेच्या पट्ट्यात शुगर हे नाव ऐकून लोक हसले असते.) या स्वतंत्र गटाचा उपयोग करायची रीत इतकी साधी आहे की ती कोणी गंभीरपणे घेत नाही. संगणक बंद करायचा, प्लग काढायचा, बाजूचे झाकण उघडायचे. विंडोजच्या डिस्कला दोन तारा गेलेल्या असतात: चपटी रुंद विजेची आणि अरुंद साटा केबल, बहुधा लाल. साटाच्या टोकाला धातूची जीभ असते, ती दाबून केबल मदरबोर्डाकडून उपसायची. आता यंत्रात एकच डिस्क आहे. पेन ड्राइव्हवरून लिनक्स बसवायचे, 'सगळी डिस्क पुसा' हा एरवी काळजात धस्स करणारा पर्याय बेधडक निवडायचा, कारण पुसायला दुसरे काही समोरच नाही. ईएसपीही याच डिस्कवर तयार होतो, दुसरीकडे जायला वाटच नसते. काम झाले, लिनक्स सुरू होते याची खात्री केली, की केबल परत लावायची. यापुढे यंत्र सुरू होताना एफ १२ किंवा त्या कंपनीची जी कळ असेल ती दाबून डिस्क निवडायची. दोघींच्या घरात तिसऱ्याचा मेनू नाही.

केबल काढणे ही अंधश्रद्धा आहे, नीट वाचून क्लिक केले तर असे काही लागत नाही, हा आक्षेप संगणक जाणणारेच घेतात. त्यांना टोरवाल्ड्सची गोष्ट पुरेशी आहे. शिवाय नीट वाचून क्लिक करणाऱ्यालाच त्या २०१४च्या दोषाने फसवले. निवड बरोबर होती, यंत्राने ती पाळली नाही. वाचण्याने माणसाची चूक टळते, प्रोग्रॅमची टळत नाही. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: नव्या यंत्रांत एनव्हीएमई डिस्क थेट मदरबोर्डावर आडवी बसते, तिला केबलच नाही. तिचा एकच बारीक स्क्रू काढून तिला उचलता येते, काही बोर्डांच्या बायोसमध्ये तो खण बंदही करता येतो. पण वॉरंटीतला पातळ लॅपटॉप उघडायला कोणी धजत नाही आणि त्यांना दोष देता येणार नाही. अशा वेळी मॉडेल क्रमांक पाहून निवड करणे आणि बसवून झाल्यावर ईएसपी कुठे गेला ते तपासणे एवढेच हाती राहते. तिथे सुरक्षितता कमीच, हे मान्य केले पाहिजे.

याहून मोठा आक्षेप असा की २०१६पासून विंडोजच्या पोटातच डब्ल्यूएसएलच्या रूपाने लिनक्स मिळते, व्हर्च्युअलबॉक्स तर त्याआधीपासून आहे. मग डिस्का आणि केबलींचा खटाटोप कशाला? ज्याच्या यंत्रात १६ जीबी रॅम आहे त्याच्यासाठी हा सल्ला उत्तम आहे. पण एका घरात दोन चुली पेटवायच्या तर सरपण दुप्पट लागते. ४ जीबी रॅमच्या जुन्या संगणकावर विंडोज चालू ठेवून तिच्या आत दुसरी सिस्टिम चालवणे म्हणजे दोघींनाही उपाशी ठेवणे. अकलूजच्या शंकरनगरला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि संगणक अभियांत्रिकीच्या प्रात्यक्षिकांत लिनक्स लागते. अशा विद्यार्थ्याच्या घरी बहुधा थोरल्या भावाचा उतरलेला संगणक येतो. उलट टोकाचे लोक विचारतात, विंडोज ठेवायचीच कशाला? त्यांनी तालुक्याच्या डीटीपीच्या दुकानात डोकवावे. तिथली वीस वर्षांची लग्नपत्रिका-अहवालांची मिळकत श्रीलिपी आणि आयएसएमच्या फाँटांत आहे, आणि ती विंडोजवर उघडते. २००४मध्ये रेड हॅटने लोहित फाँट मोकळे केल्यापासून लिनक्सवर युनिकोड मराठी सुरेख दिसते, हे खरे. पण जुना मजकूर आपोआप युनिकोड होत नाही. टॅलीवाल्याचेही तेच. राहता राहिला बॅकअपचा मुद्दा: प्रत काढून ठेवली असेल तर कुठलीही पद्धत सुरक्षित, असे म्हणणारे तत्त्वतः बरोबर आहेत. फक्त प्रत ही अपघातानंतर उपयोगी पडते आणि उपसलेली केबल अपघात होऊ देत नाही. दोन्ही कामे वेगळी आहेत, आणि एकाला दुसरे पर्याय नाही.

डिस्का वेगळ्या झाल्यावर उरलेल्या सामाईक वस्तू पाहू. पहिली घड्याळ. मदरबोर्डवर बटणासारख्या सेलवर चालणारे एकच घड्याळ असते. विंडोजने डॉसपासूनची सवय ठेवून त्यातली वेळ स्थानिक धरली. लिनक्सने युनिक्सच्या घराण्याला जागून ती ग्रीनिचची धरली. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात हा फरक कळतही नाही. आपल्याकडे तो साडेपाच तासांचा. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलात की सकाळचे दहा वाजता पडद्यावर पहाटेचे साडेचार. वरवर गमतीची वाटणारी ही गोष्ट रात्री दोन वाजता बसून हिशेब मिटवणाऱ्याच्या नोंदीवर आदल्या दिवसाची तारीख टाकते. लिनक्सला स्थानिक वेळ धरायला सांगून हे एका ओळीच्या आज्ञेत मिटते, पण आज्ञा कोणीतरी द्यावी लागते. दुसरी वस्तू डी ड्राइव्ह. विंडोज ८पासून फास्ट स्टार्टअप आले. संगणक बंद केला असे वाटते तेव्हा विंडोज खरे म्हणजे अर्धवट झोपलेली असते आणि डिस्कच्या नोंदी तिच्या मनात उघड्याच राहतात. त्या अवस्थेत लिनक्समधून डीवर फाइल लिहिणे म्हणजे शेजाऱ्याची मोजणी चालू असताना त्याच्या शेतात नांगर घालणे. म्हणून लिनक्स बहुधा लिहूच देत नाही, फक्त वाचू देते, आणि वापरणाऱ्याला वाटते लिनक्सच बिघडले. तो पर्याय विंडोजमध्ये बंद केला की भांडण संपते. तिसरी, बिटलॉकर: नव्या विंडोज ११मध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते आणि सुरुवातीचा क्रम बदललेला दिसला की ती ४८ अंकी चावी मागते. झाकण उघडण्यापूर्वी ती चावी कागदावर उतरवून घ्यावी.

चौथी वस्तू माझ्याच प्रतिपादनावर उलटणारी आहे, म्हणून ती नीट सांगायला हवी. ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजच्या मासिक दुरुस्तीने सिक्युअर बूटमधली, म्हणजे यंत्र सुरू होताना बूटलोडर पारखणाऱ्या सोयीतली, जुन्या, धोकादायक बूटलोडरना मज्जाव करणारी यादी पुढे सरकवली. दोन सिस्टिम असलेल्या यंत्रांवर ती लागू होणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने म्हटले होते. ओळखण्यात चूक झाली आणि पुष्कळांचे लिनक्स सुरूच होईना. ही यादी कुठल्याच डिस्कवर नसते, ती मदरबोर्डच्या स्मृतीत असते. त्यामुळे वेगळ्या डिस्कवर लिनक्स ठेवणारेही सुटले नाहीत. मग दोन डिस्कांचा फायदा काय झाला? फायदा नुकसानीच्या जातीत आहे. विंडोज ९८च्या काळात सुरुवातीचा प्रोग्रॅमच पुसला जाई आणि तो परत लिहिताना हात चुकला तर तक्ताही जाई. २०२४मध्ये बायोसमध्ये सिक्युअर बूट तात्पुरते बंद केले की लिनक्स होते तसे उभे राहिले, आतला एक बाइटही हललेला नव्हता. तलाठ्याच्या दप्तरात घोळ झाला, शेत जाग्यावर राहिले. घोळ निस्तरता येतो. अर्थात मदरबोर्डवरचे हे दप्तर एकाच खातेदाराच्या ताब्यात असणे मला पसंत नाही, आणि त्यावर डिस्का वाढवून उपाय होणार नाही.

आता काळाने उलटी कूस घेतली आहे. विंडोज १०ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली, आणि टीपीएम २.० व नव्या पिढीच्या प्रोसेसरच्या अटीमुळे असंख्य चालत्या संगणकांना ११ रीतसर बसत नाही. ज्या यंत्रात कालपर्यंत लिनक्स दुसऱ्या डिस्कवर पाहुणे होते तिथे ते रोजच्या कामाचे होऊ लागले आहे, इंटरनेटही त्याच्यावरूनच वापरणे शहाणपणाचे. आणि विंडोजची डिस्क राहते ती श्रीलिपीच्या जुन्या फायली आणि टॅलीच्या मागच्या वर्षांच्या वह्यांसाठी, इंटरनेटची तार काढून. ग्रबच्या २०२१च्या २.०६ आवृत्तीपासून शेजारच्या डिस्कवरच्या सिस्टिम शोधून मेनूत दाखवणेही मुळात बंद केलेले असते, त्यामुळे विंडोजची ओळ तिथे बहुधा दिसतच नाही. पंचाण्णव साली एफ ८च्या मेनूत 'आधीची आवृत्ती' म्हणून जी ओळ डॉसच्या वाट्याला आली होती, तेवढीही नाही. आर्थिक वर्ष संपताना लेखापरीक्षक जुनी वही मागतो, तेव्हा यंत्र सुरू करताना एफ १२ दाबून ती डिस्क निवडायची.